ध्वजाचा मुका मार

महाळुंग्याच्या एका ॲल्युमिनियम ओतकामाच्या कारखान्यात बुधवारी दुपारी जो अपघात घडला, त्याचे कारण सुरक्षा सप्ताह हे होते.

ही अतिशयोक्ती नव्हे. सप्ताहाचे उद्घाटन शुक्रवारी होते आणि मधला गुरुवार औद्योगिक वसाहतीच्या साप्ताहिक सुट्टीचा, म्हणून ध्वजारोहणाची तालीम बुधवारीच उरकणे भाग होते. सुरक्षेचा ध्वज ज्या लोखंडी नळावर चढायचा, तो तळाशी एका पिनेने अडकवलेला असतो. ती पिन कोणी बसवायची हे ठरवण्यासाठी समिती नेमलेली होती, त्यामुळे ती कोणीच बसवली नव्हती. दोरी ओढली गेली, ध्वज वर जाण्याऐवजी नळ खाली आला आणि गुणवत्ता विभागाचे प्रमुख शरच्चंद्र यांच्या डाव्या कुशीत, शेवटच्या बरगड्यांवर बसला. त्या वेळी त्यांच्या डोक्यावर हेल्मेट होते, डोळ्यांवर चष्मा होता आणि पायांत पोलादी टोकाचे बूट होते. नळाने नेमका मधला, नियमावलीत नसलेला भाग निवडला.

शरच्चंद्र खाली बसले, श्वास परत आल्यावर उठले आणि ‘काही नाही’ असे म्हणाले. हे विधान त्यांनी कोणत्याही तपासणीशिवाय केले. एरवी ते असे करत नसत.

डाव्या बाजूच्या शेवटच्या बरगड्यांआड प्लीहा नावाचा अवयव असतो. तो आकाराने मुठीएवढा, रक्ताने गच्च भरलेला आणि आवरणाने नाजूक. त्याला चीर गेली तर रक्त पोटात गळू लागते, कधी वेगाने, कधी इतके सावकाश की माणूस त्या अवधीत दोन वेळा जेवतो आणि एकदा झोपतो. बाहेरून काही दिसत नाही. वेळीच कळले तर माणूस बहुधा वाचतो, न कळले तर नाही. पदार्थविज्ञानातली पदव्युत्तर पदवी आणि वाचनाची दांडगी आवड असलेल्या शरच्चंद्रांना प्लीहेचे स्थान आणि कार्य चांगले ठाऊक होते. ती आपल्यालाही आहे, ही बाब मात्र त्यांनी त्या दुपारी विचारात घेतली नाही.

सुरक्षा अधिकारी जयसिंग त्यांच्या केबिनमध्ये आला तो दार लावूनच.

“सर, शर्ट वर करता का जरा?” त्याने वाकून पाहिले. “रक्त नाही. जखम नाही. सूजसुद्धा नाही. ही केस कुठं बसते सांगू? नियर मिसमध्ये.”

कारखान्यांच्या भाषेत नियर मिस म्हणजे थोडक्यात टळलेला अपघात. वस्तू पडली, पण कोणाला लागली नाही.

“जयसिंग, मिस म्हणजे चुकणं. नळ चुकला नाही. तो अगदी अचूक बसला.”

“बसला, सर. पण दिसत नाही ना. जे दिसत नाही ते लिहायचं कसं? मुका मार आहे.” जयसिंगने आवाज खाली आणला. “शुक्रवारी परीक्षक येणार, सर. सुरक्षेच्या बक्षिसाची ढाल यंदा आपलीच आहे. तुम्ही दवाखान्यात गेलात की केसपेपर होतो, केसपेपर झाला की विमेवाले, विमेवाले आले की निरीक्षक. मग कसला सप्ताह, सुतकच की.”

“माझ्या दवाखान्याचा आणि तुमच्या ढालीचा संबंध नाही.”

“म्हणजे जाणार आहात?”

“गरज वाटली तर. सध्या पुरावा नाही.”

या उत्तरातला पहिला भाग जयसिंगने ऐकलाच नाही. ‘पुरावा नाही’ एवढे त्याला पुरेसे होते. तो गेल्यावर भट्टीच्या बाजूने कोणाचा तरी आवाज आला, “आपल्याला लागला तर मुका मार राव, सायबांचा ध्वजानं नुसता मुका घेतला.” आणि हशा. शरच्चंद्रांनाही हसू आले. हसताना बरगडी दुखली. हा पुरावा त्यांनी किरकोळ मानला.

संध्याकाळी महाळुंग्याहून दिघीला परतताना वाटेतल्या प्रत्येक गतिरोधकाला त्यांच्या बरगड्यांनी दाद दिली. घरी पद्माने त्यांना बूट काढताना पाहिले. ती भोसरीच्या एका शाळेत मराठी शिकवत असे आणि तिचा अर्धा दिवस मुलांच्या थापा ओळखण्यात जाई.

“काय लागलं?”

“नळ. मुका मार आहे.”

“डॉक्टरांकडे जाऊन येऊ.”

“त्यांना तक्रार काय सांगायची? लागलं ही घटना झाली, तक्रार नव्हे.”

“मुका म्हणजे बोलता न येणारा,” पद्मा म्हणाली. “ज्याला काही सांगायचंच नाही, तो नव्हे. शब्दाचा अर्थ तरी नीट घ्या.”

“शब्द बाजूला ठेव. बहुतेक मुके मार आपोआप बरे होतात. हे माझं मत नाही, आकडेवारी आहे.”

“बहुतेक म्हणजे सगळे नव्हेत.”

“नव्हेत. पण आपण बहुतेकांत असण्याची शक्यता जास्त.”

हे विधान निर्दोष होते. अडचण एवढीच की बहुतेकांतले कोण आणि उरलेल्यांतले कोण, हे तपासणीनंतरच कळते. शरच्चंद्र तपासणीच्या आधीच बहुतेकांत जाऊन बसले होते.

“तुमच्या कंपनीत वरून गुळगुळीत दिसणाऱ्या भागांचा एक्स-रे काढता,” पद्मा म्हणाली. “आतली पोकळी डोळ्यांना दिसत नाही म्हणून. लग्न झाल्यापासून जेवताना मला हेच सांगत आलात.”

“प्रत्येक भागाचा नाही काढत. नमुन्याचा काढतो.”

“नमुना तर तुम्ही आहातच. त्यात वाद नाही.”

त्यांनी हा युक्तिवाद नव्हे असे ठरवले आणि जेवायला बसले.

गुरुवारी सकाळी पद्मा शाळेत गेली आणि शरच्चंद्र सुट्टी म्हणून घरी राहिले. बरगडीचे दुखणे आदल्या दिवसाइतकेच होते, म्हणजे त्यांच्या मते सुधारणेच्या मार्गावर. नवीन गोष्ट एकच होती. डावा खांदा दुखू लागला होता. खांद्याला काहीही लागले नव्हते. तो हलवला तर दुखत नव्हता, दाबला तर दुखत नव्हता. पलंगावर सपाट आडवे झाले की मात्र दुखे. शरच्चंद्रांनी निरीक्षण केले, पुन्हा आडवे होऊन ते पडताळले आणि निष्कर्ष काढला की दोष उशीचा आहे. उशी बदलली. खांदा दुखतच राहिला. तेव्हा दोन्ही उशा एकाच दुकानातून आणल्याचे त्यांना आठवले आणि निष्कर्ष अधिकच बळकट झाला.

प्रयोगपद्धती उत्तम होती. फक्त प्रयोगात प्लीहेचा समावेश नव्हता.

दुपारी पद्मा परतली तेव्हा ताटात अर्धी भाकरी तशीच होती.

“पोट भरल्यासारखं वाटतं,” ते म्हणाले. “मटकी जड आहे.”

“मटकीला तुम्ही हातही लावलेला नाही.”

एवढ्यात उघड्या दारातून समोरच्या कौशल्याबाई आत आल्या. ही इमारत ज्या जमिनीवर उभी होती ती कौशल्याबाईंच्या घराण्याची. बिल्डरने तिच्या बदल्यात त्यांना दोन फ्लॅट दिले, पण बाकीचे फ्लॅट आपले नाहीत ही गोष्ट त्यांनी मनापासून कधी मान्य केली नव्हती. त्या कोणाच्याही घरात बेल न वाजवता येत आणि रहिवाशांची काळजी उभ्या पिकासारखी घेत.

“काय वो भाऊ, तोंड असं पांढरंफटक कशापायी?”

“काही नाही, मावशी. काल कंपनीत झेंड्याचा नळ पडला, थोडा मुका मार लागलाय.”

“मुका मार व्हय? मग डागदर काय करणार त्याला? त्यो बोलतोय का? आंबेहळद उगाळून लावा.”

“मावशी, हळद कातडीवर लावली तर बरगडीपर्यंत पोचत नाही.”

“मग आळंदीच्या अंगाला आमचा हाडवैद्य हाय. येका झटक्यात बसवतो.”

“हाड सरकलेलं नाही. आणि सरकलं असतं तर झटका हा उपाय नव्हता.”

दोन्ही मुद्दे बरोबर होते. शरच्चंद्रांच्या अंगात बळ कमी होते, पण चुकीच्या उपचाराचे खंडन करताना त्यांना नेहमीच हुशारी वाटे, आणि तीच हुशारी त्यांनी प्रकृतीची सुधारणा म्हणून जमेस धरली. हळद हरली, हाडवैद्य हरला. डॉक्टरांकडे जाण्याच्या बाजूने मात्र यात काहीच सिद्ध झाले नाही, कारण त्या बाजूची कोणी चूकच करत नव्हते.

कौशल्याबाईंनी त्यांना नीट न्याहाळले. “भाऊ, ही दिष्ट हाय. त्या झेंड्यापाशी समदी तुमच्याकडंच बघत असतील.”

“त्या वेळी सगळे ध्वजाकडे बघत होते, मावशी. तीच तर अडचण झाली.”

पद्माने हात पदराला पुसले. तिचा आवाज चढलेला नव्हता. “ऐका. एकतर आत्ता माझ्याबरोबर डॉक्टरांकडे चला, नाहीतर मावशी दृष्ट काढतील ती गप्प बसून काढून घ्या. दोन्हींपैकी एक. तिसरं काही चालणार नाही.”

कोणत्याही दिवशी, कोणत्याही व्यासपीठावर शरच्चंद्रांनी या प्रश्नाचे उत्तर डोळे मिटून दिले असते. पण आजचा प्रश्न तत्त्वाचा नव्हता, वेळेचा होता. डॉक्टरांकडे म्हणजे गाडी काढणे, भोसरीच्या चौकातली गर्दी, प्रतीक्षालय आणि शेवटी ‘काही नाही’ हे वाक्य, जे त्यांनी कालच फुकट उच्चारले होते. दृष्ट स्वयंपाकघरात निघत होती.

“काढा,” ते म्हणाले.

पद्माला हे अपेक्षित नव्हते. तरी तिने पाट मांडला.

शरच्चंद्र बरगडी सांभाळत पाटावर बसले. कौशल्याबाईंनी मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या मुठीत घेऊन त्यांच्यावरून ओवाळल्या, आल्यागेल्याची, घरच्यादारची अशी सगळ्यांची नजर पुटपुटत गोळा केली आणि ती मूठ गॅसवरच्या तापलेल्या तव्यात टाकली. मिरच्या तडतडल्या. तिघेही वास येण्याची वाट पाहत राहिले. वास आला नाही.

“बघितलं?” कौशल्याबाई म्हणाल्या. “ठसका न्हाई. एवढ्या मिरच्या जळाल्या आन् येक शिंक न्हाई. लई जबर दिष्ट हाय.”

“मावशी, वर बघा. पंखा चालू आहे.”

खिडकीच्या वरचा धूर बाहेर फेकणारा पंखा खरोखरच चालू होता. पद्माने सकाळी फोडणीच्या वेळी लावलेला तो तसाच राहिला होता.

“पंख्याचं काय?”

“धूर बाहेर जातोय. पंखा बंद करून पुन्हा मिरच्या टाका. ठसका आला तर दृष्ट नव्हती, असं मानाल?”

कौशल्याबाईंनी विचार केला. “मानीन की. आन् न्हाई आला तर तुमी मानायचं.”

“मान्य.”

श्रद्धा आणि शास्त्र यांच्यात कसोटीवर एकमत होण्याचे प्रसंग दुर्मीळ असतात. पद्मा म्हणाली, “बसा, मी बंद करते.” पण निरीक्षणावर शंका राहू नये म्हणून पंखा स्वतःच बंद करायला हवा, असे शरच्चंद्रांना वाटले. ते पाटावरून उठले. दोन पावले टाकून त्यांनी बटणाकडे हात नेला. बटण खाली आले, आणि त्याच्यामागोमाग शरच्चंद्र.

पंखा थांबला. मिरच्यांचा धूर फिरून आत आला आणि स्वयंपाकघर क्षणात भरून गेले. कौशल्याबाईंना असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी वाहू लागले. पद्मा खोकत खोकत नवऱ्याचे डोके मांडीवर घेऊन बसली. शरच्चंद्रांना ठसका लागला नाही, कारण ते शुद्धीवर नव्हते. त्यामुळे प्रयोगाचा निष्कर्ष काय, यावर त्या घरात पुढे कधीच एकमत होऊ शकले नाही.

ते मिनिटाभरात डोळे उघडून म्हणाले, “एकदम उठलो म्हणून.”

“गप्प,” पद्मा म्हणाली. चक्कर मुकी नसते, एवढे तिला पुरेसे होते. तिने कौशल्याबाईंच्या मुलाला हाक मारली, दोघांनी त्यांना धरून गाडीत घातले आणि तिने गाडी थेट रुग्णालयाच्या अपघात विभागाच्या दारात उभी केली.

तिथल्या डॉक्टर विजयश्री तरुण होत्या आणि झटपट बोलत होत्या. रक्तदाबाचा आकडा पाहून त्यांनी नर्सला दोन्ही हातांत सलाईन लावायला सांगितले आणि मगच विचारले, “कशानं लागलं?”

“सुरक्षा ध्वजाने.”

डॉक्टरांनी पद्माकडे आणि पुन्हा रुग्णाकडे पाहिले. “आज वार कोणता आहे?”

“गुरुवार. म्हणूनच घरी आहे. म्हणजे इथे आहे.”

“डोक्याला मार लागलाय का?”

“डोक्यावर हेल्मेट होतं.”

“ते खरं सांगताहेत,” पद्मा म्हणाली. “ध्वजाचा लोखंडी नळ पडला. काल दुपारी, कंपनीत. डाव्या कुशीत बसलाय.”

डॉक्टरांनी पोटाच्या डाव्या बाजूला हात ठेवला, तशी शरच्चंद्रांच्या तोंडून पहिल्यांदाच तक्रार म्हणता येईल असा आवाज निघाला.

“आणखी काही दुखतं?”

“डावा खांदा. पण तो वेगळा विषय आहे.”

“आडवं झालं की वाढतं?”

“हो. उशीमुळे.”

“उशी नाही,” डॉक्टर सोनोग्राफीचे यंत्र ओढत म्हणाल्या. “पोटात रक्त साठलं की वरच्या श्वासपटलाला त्रास होतो. त्याच्या नसा आणि खांद्याच्या नसा मज्जारज्जूत एकाच ठिकाणी पोचतात. मेंदूला पत्ता चुकीचा मिळतो. दुखणं पोटाचं, कळतं खांद्यात.”

“हे मला माहीत होतं,” शरच्चंद्र म्हणाले.

“मग?”

डॉक्टरांनी हे टोमणा म्हणून विचारले नव्हते. त्यांना आजाराचा क्रम हवा होता. पण या प्रश्नाचे शास्त्रशुद्ध उत्तर उपलब्ध नव्हते, आणि नसलेले उत्तर देण्याची शरच्चंद्रांना सवय नव्हती. पद्मा पलंगाच्या कडेला उभी होती. तिने त्यांचा पाय चादरीवरून धरला होता आणि तो ती सोडत नव्हती.

पडद्यावर काळा डाग दिसला. तपासण्या झाल्या. प्लीहेला चीर गेली होती, मोठी नव्हती, पण कालपासून गळत होती. रक्त चढवले. गळती थांबते का ते पाहायचे, न थांबल्यास शस्त्रक्रिया करायची असे ठरले आणि त्यांना अतिदक्षता विभागात हलवले. पद्मा बाहेरच्या बाकावर बसली. कौशल्याबाई तिच्या शेजारी येऊन बसल्या.

गळती थांबली.

शुक्रवारी दुपारी जयसिंग शहाळे घेऊन आला. ध्वजारोहण व्यवस्थित पार पडले होते. नळाला या वेळी तीन पिना आणि एक साखळी लावली होती, आणि परीक्षकांनी त्या साखळीचे खास कौतुक केले होते.

“सर, तब्येतीचं ऐकून फार वाईट वाटलं.” त्याने शहाळे टेबलावर ठेवले. “पण एक बरं झालं बघा. तुम्ही घरी पडलात. पाटावरून उठताना चक्कर आली, दोन साक्षीदार हजर. म्हणजे कंपनीत जे झालं ते झालं, पण पडलात तुम्ही घरी. यात एक शब्द खोटा नाही, सर. तुम्हाला खोटं चालत नाही, मला माहीत आहे.”

शरच्चंद्रांनी या मांडणीचे मनातल्या मनात कौतुक केले. प्रत्येक वाक्य खरे आणि एकूण साफ खोटे, ही कामगिरी सोपी नव्हती. आपण स्वतः चोवीस तास नेमके हेच करत होतो, हेही त्यांच्या लक्षात आले, आणि ते लक्षात येणे त्यांना आवडले नाही.

“जयसिंग, केसपेपरवर मी सांगून टाकलंय. सुरक्षा ध्वजाचा नळ, कंपनीच्या आवारात, बुधवारी.”

जयसिंग खुर्चीत बसला. “ढाल गेली म्हणायची.”

“पिन बसली असती तर राहिली असती.”

तेवढ्यात डॉक्टर विजयश्री फेरीला आल्या. त्यांनी नाडी पाहिली, पोट तपासले, ताजे अहवाल वाचले. “आता ठीक आहे. पण आणखी एक रात्र घरी काढली असती तर सांगता आलं नसतं. थोडक्यात वाचलात.”

जयसिंगचा चेहरा उजळला. तो उठून उभाच राहिला. “बघा, सर. थोडक्यात. मी बुधवारीच म्हणालो होतो, नियर मिस आहे म्हणून.”

शरच्चंद्रांना हसू आवरेना. डॉक्टरांनी त्यांच्या बरगड्यांवर तळहात दाबून धरला आणि जयसिंगला बाहेर जायला सांगितले.

कौशल्याबाईंनी तोवर दिघीत सांगून ठेवले होते की दिष्ट काढली म्हणून आतले दुखणे बाहेर पडले, न्हाईतर माणूस हाती लागत नव्हता. शरच्चंद्रांनी पडल्या पडल्या या दाव्याचे खंडन करून पाहिले. दृष्ट काढली नसती तर ते पाटावर बसले नसते. पाटावर बसले नसते तर झटक्यात उठले नसते. उठले नसते तर पडले नसते, आणि पडले नसते तर इथे आले नसते. साखळीतली कच्ची कडी त्यांनी पुन्हा पुन्हा शोधली. पंखा बंद करण्याची सूचना आपली होती, एवढाच आधार त्यांना सापडला, आणि तो ते पुढे अनेक वर्षे वापरणार होते.

मी बुधवारीच म्हणाले होते, हे वाक्य उच्चारण्याचा हक्क ज्या एका व्यक्तीला होता, तिने ते उच्चारले नाही. घरी सोडल्याच्या दिवशी पद्माने पलंग झटकला, चादर बदलली आणि जुनी उशी होती तिथेच ठेवली.

शरच्चंद्र सावकाश आडवे झाले. सपाट झोपले. वाट पाहिली. उशी तीच होती. खांदा दुखला नाही.

“पद्मा.”

“काय?”

“उशी निर्दोष आहे.”

ती कपाटाशी पाठमोरी उभी होती. “मग तिची माफी मागा.”

शरच्चंद्रांनी ती मागितली. उशीची नव्हे, हे दोघांनाही कळले.